मदत हवी आहे: जुन्या व्हीएचएसवरचं टीव्ही गाणं कुणी बनवलं हे कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. निपाणीला मामांचं जुनं घर रिकामं करताना व्हीएचएस कॅसेटचं एक खोकं हाती लागलं. बहुतेक लग्नं-मुंजीच आहेत. एका कॅसेटवर मात्र निळ्या पेनाने 'टीव्ही गाणी' एवढंच लिहिलंय. मामांचा अँटेना कायम कोल्हापूरच्या दिशेला वळवलेला असायचा, तेव्हा मराठी काहीतरी निघेल असं वाटलंच होतं. निघाला तुकोबांचा एक अभंग, रंगीत. गायिका ओळखीची नाही. सुरुवात कापली गेलीय आणि शेवटी नावं यायच्या आतच कुणीतरी रेकॉर्डिंग बंद केलंय (मामीच असणार, कॅसेट संपेल या धास्तीने त्यांचं बोट सदा स्टॉपच्या बटणावर).

हे बनवलं कुणी? मुंबई दूरदर्शनने, बंगळूर केंद्राने, की बाहेरच्या एखाद्या निर्मात्याने?

निम्मं गाणं स्टुडिओतलं आहे. गायिका बसलेली, शेजारी समई. कॅमेरा समईवरून सरकतो तेव्हा ज्योतीमागे हिरवट शेपटी ओढली जाते आणि क्षणभराने विरते. उरलेलं बाहेरचं: काळे खडक, तांबूस गढूळ पाण्याचा धबधबा आणि वरच्या कोपऱ्यात झुलता पूल. यावरून घरात दोन तट पडलेत. मावशी म्हणते, "गोकाकच ते, पूल दिसुलाय की!" भाऊ मानायला तयार नाही. हा बाहेरचा भाग दिसायलाही निराळा आहे. चित्र दाणेदार, मधूनच पांढरे ठिपके चमकून जातात. गायिकेचे ओठ शॉटच्या सुरुवातीला बरोबर जुळतात, पण शॉट लांबला की गाण्याच्या पुढे पळायला लागतात.

टीव्हीवर लागलं म्हणजे टीव्हीवाल्यांनीच केलं, असं धरून चालत नाही म्हणून विचारतोय. 'मिले सूर मेरा तुम्हारा' १५ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा लागलं. आजही सगळे त्याला दूरदर्शनचं गाणं म्हणतात, आणि पं. भीमसेन जोशी गदगचे, त्यामुळे इकडे तर ते घरचंच वाटतं. प्रत्यक्षात ते लोक सेवा संचार परिषदेसाठी झालं. कल्पना जाहिरात क्षेत्रातल्या सुरेश मलिक यांची, चित्रीकरण कैलाश सुरेंद्रनाथ यांचं, शब्द पीयूष पांडे यांचे, चाल आपल्या अशोक पत्कींची आणि संयोजन लुई बँक्स यांचं. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा लघुपटही असाच. आला फिल्म्स डिव्हिजनकडून, आणि लोकांच्या डोक्यात बसला दूरदर्शनच्या नावाने.

जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. गाणं एका दुकानातून डिजिटाइझ करून घेतलंय, फाइल मोबाइलवर आहे.

प्रतिसाद: टेलिसिने

समईची शेपटी वाचली आणि बरं वाटलं. तो ट्यूब कॅमेऱ्याचा, म्हणजे आत चित्र टिपणारी नळी असलेल्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा गुण. झगझगीत ठिपका नळीवर लगेच पुसला जात नाही. पुढे नळीऐवजी चिप असलेले सीसीडी कॅमेरे आले आणि हा प्रकार गेला. म्हणजे स्टुडिओचा भाग व्हिडिओवरचा. बाहेरचा भाग फिल्मवरचा, बहुधा १६ मिमी. पांढरे ठिपके निगेटिव्हवरच्या धुळीचे; प्रिंटवरची धूळ काळी दिसते. आत व्हिडिओ आणि बाहेर फिल्म ही भेसळ त्या काळात सर्रास चालायची, तेवढ्यावरून दोन निर्माते होते असं म्हणता येणार नाही.

खरी गंमत ओठांत आहे. आपला टीव्ही तेव्हा पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ चित्रं. सिनेमाचा कॅमेरा २४ वर चालतो. २४ ने घेतलेली फिल्म २५ ने दाखवली की १० सेकंदांचा शॉट ९.६ सेकंदांत उरकतो, आणि खाली गाणं मात्र मूळ वेगानेच चाललेलं असतं. म्हणून ओठ हळूहळू पुढे जातात. पहिल्यापासून सारखाच फरक असता तर ती संकलनातली चूक म्हटली असती. तुमच्याकडे फरक वाढत जातोय. टीव्हीच्याच कामाला सरावलेल्या युनिटने कॅमेरा २५ वर लावला असता. माझा कल बाहेरच्या, सिनेमाच्या युनिटकडे आहे. हा पुरावा नव्हे, संशय म्हणा.

एक करा: ती मोबाइलवरची फाइल बाजूला ठेवा. टीव्हीवरचं एक चित्र दोन फील्डचं, म्हणजे दोन अर्ध्या भागांचं बनतं; व्हिडिओत ते लागोपाठच्या दोन क्षणांचे असतात, फिल्मवरून आलेल्या चित्रात एकाच क्षणाचे. दुकानवाले हे दोन फील्ड एकत्र करून टाकतात (यालाच डिइंटरलेस म्हणतात) आणि नेमकी खूण तिथेच पुसली जाते. डिइंटरलेस न करता पुन्हा कॅप्चर करा. मग हलत्या हातावर चित्र थांबवा. कडेला कंगव्याचे दाते दिसले तर व्हिडिओ, कड सलग असली तर फिल्म.

प्रतिसाद: घटप्रभाकाठ

मावशींना माझं मत! पण नुसत्या पुलावर जाऊ नका. गोकाकला धबधब्याच्या काठावर चालुक्य शैलीचं महालिंगेश्वराचं देऊळ आहे, ते कुठे फ्रेममध्ये येतंय का बघा. पाणी गढूळ आहे म्हणजे पावसाळ्यातलं शूटिंग. आणि प्रसार भारती आर्काइव्ह्जचं यूट्यूब चॅनल पाहिलंत का? नसेल तर आधी तिथे त्या अभंगाच्या पहिल्या ओळीने शोधा. गायिकेचं नाव नसलं तरी चालेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. देऊळ आत्ताच शोधलं. एका शॉटच्या उजव्या कडेला दगडी भिंतीसारखं काहीतरी आहे, पण मोबाइलच्या फाइलवर नुसता चिखल दिसतोय. पुन्हा कॅप्चर करणं आलंच. माझ्या व्हीसीआरचं हेड गेलंय आणि कॅसेटच्या एका बाजूला पांढरी बुरशी धरलीय. ती साफ न करता लावली तर दुसरंही मशीन बाद होईल, हे ठाऊक आहे. बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूर पट्ट्यात बुरशी साफ करून कॅप्चर करून देणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. कॅसेट कुरिअरने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन.