शब्दचर्चा : 'हात बसणे' आणि प्लॅस्टिसिटी

परभणीकर : दहावीच्या पोरांसाठी अनुमस्तिष्कावर, म्हणजे हालचालींचा मेळ घालणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागावर, टिपण लिहितेय. सिनॅप्टिक प्लॅस्टिसिटीला, म्हणजे चेतापेशींमधले जोड (सिनॅप्स) वापरानं बळकट किंवा दुबळे होतात त्याला, 'लवचिकता' लिहू का? आपल्याकडं 'हात बसणे' म्हणतात, तेच ना हे?

धाराशिवकर : लवचिकता नको, ताई. लवचिक वस्तू सोडली की मूळ आकारावर येते. इथं बदल टिकतो. 'घडणक्षमता' लिहा.

जिंतूरकर : 'हात बसणे' हा परिणाम झाला, प्लॅस्टिसिटी त्याच्या मुळाशी. पेरणीला चाड्यावर (पाभरीच्या बी सोडायच्या तोंडावर) मूठ धरायला नवखं माणूस कुणी लावत नाही. त्याचं बी कुठं दाट पडतं, कुठं पातळ. (उगवल्यावर सगळं शिवार हसतं ते वेगळंच.) पण आठ दिवसांनी दिसलेल्या चुकीवर अनुमस्तिष्क शिकत नाही. त्याला चूक सेकंदाच्या काही अंशात कळावी लागते, मुठीतून बी सुटतानाच.

अनुमस्तिष्कातल्या 'पुर्किंजे' नावाच्या एकेका मोठ्या चेतापेशीवर 'समांतर तंतू' या बारीक चेतातंतूंचे लाखाच्या वर सिनॅप्स असतात. 'आरोही तंतू' हा दुसऱ्या जातीचा तंतू मात्र मोठ्या माणसात पेशीमागं सहसा एकच. चुकीची वर्दी हा आणतो. त्या सुमारास जे समांतर तंतू जागे होते, त्यांचे सिनॅप्स दुबळे पडतात, कारण ग्लुटामेट (सिनॅप्समधलं निरोप नेणारं रसायन) पकडणारे रिसेप्टर पेशी आत ओढून घेते. पुर्किंजे पेशीचं कामच पुढच्या पेशींना आवरायचं, त्यामुळं तिचा जोर घटला की पुढची हालचाल मोकळी होते. डेव्हिड मार यांनी 1969 मध्ये सिनॅप्स बळकट होतात असं मांडलं, जेम्स अल्बस यांनी 1971 मध्ये उलट, दुबळे होतात असं. 1982 मध्ये मासाओ इतो यांच्या प्रयोगांत अल्बस यांचं म्हणणं दिसलं. तरी सगळी भिस्त यावरच नाही. बळकट होणारे सिनॅप्सही तिथं आहेत.

लातूरकर : मग कविता पाठ होते, तेही हेच का?

जिंतूरकर : नाही. त्याला मुख्यतः हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा दुसरा भाग लागतो. एच. एम. या प्रसिद्ध रुग्णाचा तो भाग शस्त्रक्रियेत काढला होता. आरशात बघून चित्र गिरवायला त्याचा हात बसला, पण आपण हे आधी केलंय हेच त्याला आठवायचं नाही.

परभणीकर : म्हणजे संज्ञा 'घडणक्षमता', उदाहरण हात बसण्याचं. 'अंगवळणी पडणे' चालेल का, सर?

धाराशिवकर : ते नको. अंगवळणी लोडशेडिंगही पडतं. त्यात कौशल्य कसलं?

लातूरकर : अंधारात इन्व्हर्टरचं बटण सापडतं की, भाऊ!

जिंतूरकर : मग तिथं हात बसला म्हणा.