मदत हवी आहे: हवाईचं ग्रिल्ड नारळाचं गोड ग्रिलवर टाकलं की गळून पडतंय

रानजाई
शनिवारी आमच्याकडे गटग (गेट-टुगेदर) आहे, १४ माणसं, आणि मी सगळ्यांना आधीच सांगून बसलेय की हवाईला खाल्लेलं ते ग्रिल्ड नारळाचं गोड खायला घालणार. आज मंगळवार. दोनदा करून झालं आणि दोन्ही वेळा वाट लागली. हाउपिया म्हणतात त्याला. सेट व्हायला काही प्रॉब्लेम नाही, फ्रिजमधून काढलं की सुरेख वड्या पडतात, पण ग्रिलवर ठेवली की मिनिटभरात खालून ढिली पडते आणि जाळीतून टपटप गळते, आणि मग खाली बर्नरवर जळून जो वास सुटतो तो विचारू नका, शेजारी कुंपणावरून डोकावून गेला. कुणी केलंय का? गूगल कर म्हणून सांगू नका, ते झालंय.

देवगडची_सून
अगं काय काय घातलंस ते तर लिही. दूध घरी काढलेलं की डब्यातलं?

रानजाई
डब्यातलं, ४०० मिलीचा एक डबा, पाऊण कप पाणी, अर्धा कप साखर, कॉर्नस्टार्च. नेहमीचंच.

अर्धवट_शेफ
नेहमीचंच म्हणजे? आम्ही इथे रोज हाउपिया खातो का? कॉर्नस्टार्च किती, शिजवलं किती वेळ?

रानजाई
पहिल्यांदा ५ टेबलस्पून, दुसऱ्यांदा ७. सातवाली वडी चवीला पतंगाच्या खळीसारखी लागली. शिजवलं घट्ट होईपर्यंत, घड्याळ लावून नाही बसले.

सुगरण_नं_१
चायना ग्रास घाल. मी कॉर्नफ्लॉवर कधीच वापरत नाही, पोटाला जड. माझ्या नारळाच्या दुधाच्या वड्या पंख्याखाली सेट होतात आणि प्रवासात सुद्धा टिकतात, नाशिकपर्यंत नेल्यात मी.

अर्धवट_शेफ
नाशिकला नेल्यात, निखाऱ्यावर नाही नेल्या. चायना ग्रास ८५ अंशाच्या आसपास वितळतं, आणि गॅस ग्रिलची जाळी आरामात २०० च्या वर असते. कॉर्नस्टार्चचं पण तेच, गार असताना कापता येतं, तापलं की ढिलं पडतं, त्यात नारळाचं तूप २४-२५ अंशालाच पातळ होतं. काहीही घातलं तरी हाउपिया जाळीवर उभा राहायचा नाही.

सुगरण_नं_१
मी मदत करायला लिहिलं होतं. अंशात स्वयंपाक करणाऱ्यांनी करावा.

देवगडची_सून
तवकीर घालून बघ. आमच्याकडे उपासाला तवकिरीच्या वड्या करतात, कॉर्नफ्लॉवरपेक्षा छान पारदर्शक होतात.

टिळकरोड_ते_टेक्सास
तवकिरीवरून आठवलं, हाउपियामध्ये पूर्वी कॉर्नस्टार्च नसायचंच, पिया नावाच्या कंदाचं सत्त्व घालायचे. तोसुद्धा एक प्रकारचा आरारूटच. मूळचे हवाईयन लोक होडीतून आले तेव्हा नारळ, अळू, केळी, ऊस आणि हा पिया सगळं बरोबर घेऊन आले होते. त्यामुळे देवगडच्या वहिनी वाटतात तितक्या चुकीच्या नाहीत.

देवगडची_सून
वाटतात म्हणजे काय?

खाऊगल्ली
सोपं आहे. अननसाच्या चकत्या ग्रिल कर, वर गार हाउपिया ठेव. हवाई पण झालं, ग्रिल पण झालं. फक्त कच्चा अननस जिलेटिनमध्ये घालू नकोस, त्यातलं एन्झाइम जिलेटिन सेट होऊ देत नाही.

रानजाई
जिलेटिन कुठून आलं मध्येच?? आणि अननस नकोय, मी जे खाल्लं त्यात अननस नव्हता.

टिळकरोड_ते_टेक्सास
अननस हवाईचा नाहीच मुळात, दक्षिण अमेरिकेतला. आणि हवाईयन पिझ्झा १९६२ साली कॅनडात निघाला.

अर्धवट_शेफ
पिझ्झ्यासाठी वेगळा धागा काढा हो.

पोपटी_फॅन
ते हवाईचे लोक जमिनीत खड्डा करून भाजतात ना? म्हणजे आपली पोपटीच की. रानजाई, मडकं मिळतंय का तिकडे? भांबुर्ड्याचा पाला नाही मिळणार म्हणा, पण मडकं उलटं करून भोवती जाळ केला की काहीही भाजलं जातं, आमच्या अलिबागला वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी सगळं जातं त्यात.

होनोलुलूकर
त्या खड्ड्याला इमू म्हणतात, त्यात मडकं नसतं. तापलेले दगड, त्यावर केळीचे खुंट चिरून, पानं, मग अन्न आणि वरून सगळं झाकून टाकतात. असो. मी ९ वर्षं ओआहू बेटावर आहे, आणि ग्रिल केलेला हाउपिया मी तरी बघितलेला नाही, तो लुआऊला, म्हणजे इथल्या मेजवानीला, गार, चौकोनी तुकड्यात देतात. रानजाई, दोन गोष्टी सांग. कुठल्या बेटावर खाल्लंस आणि रंग काय होता?

रानजाई
काउआई. हनालेईच्या अलीकडे रस्त्याकडेला एक गाडी होती. रंग चॉकलेटी, थोडा जांभळट.

अर्धवट_शेफ
चॉकलेटी!!! बाई, हाउपिया पांढराशुभ्र असतो. हे २० प्रतिसादांनंतर सांगतेस?

रानजाई
मला वाटलं भाजल्यामुळे तसा झाला. फळ्यावर हाउपिया लिहिलं होतं, नवऱ्याने पैसे दिले, मी समुद्र बघत होते.

होनोलुलूकर
तेच म्हटलं. तू खाल्लास तो कुलोलो. हाउपिया फळ्यावर असेल, पण तो वेगळा पदार्थ. नीट आठवून लिही, गाडीवालीने कसं दिलं?

रानजाई
पानात गुंडाळलेली लांबट वडी होती, विटेएवढी. ओल्या सुरीने बोटभर जाड काप काढला, सुरीला चिकटत होता म्हणून दर कापाला पाण्यात बुडवत होती. मग सपाट लोखंडी पत्र्यावर टाकला, बहुतेक बटर लावून. कडेने साखर बुडबुडे येऊन काळी झाली, उलटला, वर व्हॅनिला आइस्क्रीम. बाहेरून कुरकुरीत, आत दाताला चिकटणारं. नारळाची चव एवढी होती की मी दुसरं काही असेल असा विचारच केला नाही.

अर्धवट_शेफ
म्हणजे जाळी पण नव्हती. पत्रा होता. वा.

दोदोलवाला
हे वाचून थेट आमचा गोव्याचा दोदोल आठवला, तांदळाचं पीठ, माडाचं गूड, नारळाचा रस, आणि ढवळून ढवळून हात मोडतो. नाताळात आई करायची. तोच कर, दुसऱ्या दिवशी काप तव्यावर परतलेस तर कुणाला फरक कळायचा नाही.

होनोलुलूकर
जवळचा भाऊ आहे खरा, पण कुलोलोत पीठ नसतं, किसलेला अळूचा कंद असतो. इथे त्याला कालो म्हणतात, आणि तो नुसती भाजी नाही, हवाईयन लोक त्याला आपला थोरला भाऊ मानतात, तशी त्यांची जन्मकथाच आहे. हनालेईला तू रस्त्यावरून जी भातखाचरांसारखी पाण्यातली शेती बघितली असशील ती सगळी त्याचीच, राज्यातला बहुतेक कालो काउआईवरच पिकतो. म्हणून तिकडचा कुलोलो फेमस.

घरी करायचं तर साधारण १ किलो मोठा कंद (एशियन दुकानात तारो म्हणून असतो, आपली बोटाएवढी अरवी सोलत बसू नकोस), सोलून बारीक किसायचा, एक डबा घट्ट नारळाचं दूध, एक कप ब्राउन शुगर, चिमूटभर मीठ. नीट कालवून केळीचं पान लावलेल्या ट्रेमध्ये भरायचं, वरून पान आणि मग फॉइल अगदी घट्ट. ३२५ फॅरनहाइटला कमीत कमी अडीच-तीन तास. इथली म्हातारी माणसं कितीतरी जास्त वेळ ठेवतात, जितका वेळ तितका रंग गडद. रात्रभर गार होऊ दे, गरम कापलास तर लापशी होईल. मग काप काढून बिडाच्या तव्यावर बटरमध्ये दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं. तवा ग्रिलवर ठेव, म्हणजे पाहुण्यांना ग्रिल केल्याचं समाधान.

देवगडची_सून
किसताना हाताला खोबरेल लाव नाहीतर ग्लोव्ह्ज घाल, कच्चं अळू खाजतं. आणि सारणात थोडी चिंच किंवा आमसूल घालच. आम्ही अळूच्या फदफद्यात घालतोच.

होनोलुलूकर
आमसूल नको हो वहिनी, गोड पदार्थ आहे. नीट पूर्ण शिजलं की खाजत नाही. कच्चट राहिलं तर मात्र घशाला सुया टोचल्यासारखं होतं, त्यामुळे रानजाई, वेळ कमी करू नकोस.

देवगडची_सून
चार आमसुलांनी गोडाचं काही बिघडत नाही. पण तुमचं तुम्ही बघा.

सुगरण_नं_१
इन्स्टंट पॉटमध्ये ४० मिनिटांत होईल.

अर्धवट_शेफ
केलंय का तुम्ही?

सुगरण_नं_१
ढोकळा केलाय.

पुणेरी_पावट्या
तारोऐवजी सुरण चालेल का? घरात दोन किलो पडलाय.

रानजाई
रविवार सकाळ, अपडेट. गुरुवारी रात्री केला, तीन तास दहा मिनिटं ठेवला. ग्लोव्ह्ज घातले नाहीत, एवढंसं तर किसायचंय म्हटलं, आणि रात्री साडेअकराला दोन्ही मनगटं खोबरेलाच्या वाटीत घालून बसले होते, देवगडच्या वहिनी तुम्ही हसताय ते मला इथे ऐकू येतंय. मधला भाग पहिल्या दिवशी जरा फिका होता म्हणून शुक्रवारी पुन्हा तासभर ओव्हनमध्ये टाकला, मग अगदी तोच रंग आला. काल काप तव्यावर टाकले तर पहिले दोन चिकटून फाटले, बटर वाढवून तवा नीट तापू दिल्यावर तिसऱ्यापासून कडा काळ्या कुरकुरीत. नवरा म्हणाला हेच ते. सासूबाई म्हणाल्या, अगं ही अळकुडीची वडी आहे, एवढ्यासाठी विमानाने गेलात?

आता फ्रिजमध्ये हाउपियाचे दोन ट्रे तसेच पडलेत, त्यातला एक खळवाला. त्याचं काय करू?

दोदोलवाला
साधा असेल तो गार खा, वर थोडं मीठ भुरभुरवून. खळवाला पतंगाला.

पुणेरी_पावट्या
सुरणाचं कुणी सांगितलंच नाही.