मदत हवी आहे : हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीसाठी आठ लाखांचे कर्ज काढावे का?

कोयनाकाठ :
नमस्कार. माझ्या पाल्याला बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घ्यायची आहे. पुण्यातील एका खासगी महाविद्यालयात जागा मिळत असून शुक्रवारपर्यंत ५० हजार रुपये भरून ती निश्चित करावी, असे तेथील कार्यालयाने कळवले आहे. चार वर्षांचे शुल्क ८ लाख रुपये होते आणि ते सर्व कर्जातूनच उभे करावे लागेल. बँक तारण मागते आणि राहते घर तारण ठेवायला माझी पत्नी तयार नाही. पदवीनंतर कर्ज फिटेल इतका पगार मिळतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. कृपया या क्षेत्रातील जाणकारांनी हो किंवा नाही असे स्पष्ट सांगावे, कारण वेळ फार थोडा आहे.

समुद्रपक्षी :
निःशंकपणे प्रवेश घ्यावा. पदवीनंतर दोन वर्षे चांगल्या हॉटेलात अनुभव घेतला आणि एसटीसीडब्ल्यूचे म्हणजे जहाजावरील सुरक्षेचे प्रशिक्षण व सीडीसी हे खलाशाचे सरकारी नोंदपुस्तक हाती असले, की क्रूझ जहाजावर नोकरी मिळू शकते. तिथे पगार डॉलरमध्ये असतो आणि राहणे-जेवणे कंपनीकडे असते, त्यामुळे हाती आलेले जवळजवळ सगळे पैसे घरी पाठवता येतात. माझे शैक्षणिक कर्ज मी असेच फेडले. मात्र भरती करणारी संस्था नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना असलेलीच निवडावी आणि नोकरी लावून देण्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. २००६ च्या सागरी श्रम करारानुसार भरतीचे शुल्क खलाशाकडून घेता येत नाही.

मांडवीतीर :
जहाजावरचा करार संपला की पुढचा करार मिळेपर्यंत घरी बसावे लागते आणि त्या काळात पगार नसतो, हेही सांगायला हवे होते. मी गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात सीडीपी म्हणजे एका विभागाचा मुख्य आचारी आहे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे कॉमी म्हणजे कनिष्ठ आचारी म्हणून रुजू झालेल्या पदवीधरांच्या हाती १८ ते २२ हजार रुपये पडतात. दीड वर्षाचा पाककलेचा क्राफ्ट अभ्यासक्रम करून आलेली मुलेही त्याच पदावर आणि जवळपास त्याच पगारावर लागतात. ज्याला स्वयंपाकघरातच काम करायचे आहे, त्याने चार वर्षे आणि आठ लाख रुपये का घालवावेत, हे मला कोणी समजावून सांगावे.

दादर_कॅटरिंग :
समजावून सांगतो. सुरुवातीचा पगार सारखा असला तरी पुढची वाट सारखी नसते. मोठ्या हॉटेलसमूहांच्या मॅनेजमेंट ट्रेनी योजनांसाठी बहुधा पदवी मागतात, परदेशी व्हिसासाठी अनेक ठिकाणी ती लागते आणि हे क्षेत्र सोडून बँक, विमान कंपनी किंवा स्पर्धा परीक्षेकडे वळायचे असेल तर पदवीच उपयोगी पडते. मात्र पदवी खासगी महाविद्यालयातूनच घेतली पाहिजे असे नाही. हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेची एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन केंद्रीय संस्थेत प्रवेश मिळाला असता, तर बी.एस्सी. तीन वर्षांत आणि याहून बऱ्याच कमी शुल्कात झाली असती. मी दादरच्या संस्थेचा विद्यार्थी आहे. ती १९५४ पासून चालू आहे आणि मुलाखतीला येणारे अधिकारी बरेचदा तिथलेच माजी विद्यार्थी असतात. आपल्या पाल्याने ही परीक्षा दिली आहे का?

कोयनाकाठ :
नाही, ती परीक्षा दिलेली नाही. यंदाच्या वर्षाबद्दलच बोलावे. अजून कोणीही कर्जाबद्दल सांगितलेले नाही.

निवृत्त_शाखाधिकारी :
कर्जाचे मी सांगतो. दरवर्षी २ लाख रुपये उचलले आणि व्याजदर १०.५ टक्के धरला, तर शिक्षणाची चार वर्षे आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष मिळून सरळ व्याजच २ लाख ९४ हजार रुपये होते. ते दरम्यान भरले नाही, तर हप्ता सुरू होताना डोक्यावर १० लाख ९४ हजार असतात. दहा वर्षांची मुदत घेतल्यास महिन्याचा हप्ता १४ हजार ७५० रुपयांच्या आसपास बसतो आणि पंधरा वर्षांची घेतल्यास १२ हजार १०० च्या आसपास. पंधरा वर्षांत एकूण परतफेड पावणेबावीस लाखांवर जाते. मांडवीतीर यांनी सांगितलेला पगार खरा असेल, तर पहिली दोन-तीन वर्षे निम्म्याहून अधिक पगार हप्त्यातच जाईल आणि पुण्या-मुंबईत खोलीचे भाडे देऊन उरलेल्या रकमेत भागणार नाही. तेव्हा तुम्हाला हो किंवा नाहीच हवे असेल, तर पूर्ण आठ लाखांचे कर्ज काढण्याला माझे उत्तर नाही असेच आहे.

तारणाबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पत हमी निधीचे संरक्षण मिळू शकते, त्यामुळे तेवढ्या रकमेसाठी घर तारण ठेवायची गरज पडू नये. बँकेला हे लेखी विचारावे.

हिरवे_अंगण :
मुलांना लाखो रुपये घालून बाहेर पाठवण्यापेक्षा गावातच काही उभे करावे, असे माझे मत आहे. राज्याच्या पर्यटन खात्याच्या न्याहारी व निवास योजनेत आम्ही दापोलीजवळ चार खोल्या नोंदवल्या आहेत आणि हंगामात त्या रिकाम्या राहत नाहीत. नावावरून तुम्ही कोयनेकाठचे वाटता, तुमच्या पाटण परिसरात तर कोयना आहे, कासही फार लांब नाही. आठ लाखांत दोन चांगल्या खोल्या उभ्या राहतील.

मांडवीतीर :
हंगाम संपल्यावर काय करता, तेही लिहा. आणि पाल्याला शिकायचे आहे, खोल्या बांधायच्या नाहीत.

आकडेमोड :
मूळ धाग्यात चार गोष्टी आलेल्याच नाहीत आणि त्याविना कोणाचाही सल्ला अपुरा ठरेल. प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून आहे की महाविद्यालयाच्या व्यवस्थापन कोट्यातून? पाल्य मुलगा आहे की मुलगी? कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती आणि प्रवर्ग कोणता? कृपया चारही उत्तरे द्यावीत.

कोयनाकाठ :
मुलगी आहे. पगाराच्या प्रश्नाशी याचा संबंध काय, हे समजले नाही. शेती आणि दुकान मिळून उत्पन्न साडेपाच लाखांच्या आत आहे. आम्ही ओबीसी आहोत. तिने सीईटी दिली आहे आणि गुणही बरे आहेत, पण थेट जागा मिळत असल्याने केंद्रीभूत फेरीचा अर्ज भरलेला नाही. एका मध्यस्थाने फेरीत वेळ जाईल असे सांगितले होते.

कुलूप_किल्ली :
मुलगी असेल तर आधी कामाच्या वेळांचा विचार करावा. रात्रपाळी, मधल्या सुट्टीची तुटक पाळी आणि सणासुदीला हमखास काम, हे सगळे घरच्यांनी आधीच मान्य करायला हवे.

हाऊसकीपिंग_२०११ :
हे मुलाच्या पालकांनाही तितकेच लागू आहे. मी स्वतः हाऊसकीपिंगमध्ये एक्झिक्युटिव्ह पदापर्यंत आले आहे आणि उशिराच्या पाळीनंतर घरापर्यंत सोडणारी गाडी आहे की नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी रुजू होण्याआधी विचारून घेतले. तिनेही विचारावे. कोयनाकाठ दादा, तिला नेमक्या कोणत्या विभागात रस आहे, हे कोणीच विचारले नाही. स्वयंपाकघर, सेवा, फ्रंट ऑफिस आणि हाऊसकीपिंग या चारही ठिकाणी पगारवाढीचा वेग वेगळा असतो. रेस्टॉरंटमध्ये टिप मिळते, आमच्याकडे ती फार थोडी असते. पण आमच्या विभागातून रुग्णालये आणि मोठ्या कार्यालयांच्या व्यवस्थापनात जाता येते आणि तिथे वेळा बऱ्या असतात.

आकडेमोड :
दादा, संबंध पुष्कळ आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातही ही सवलत मिळते, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील आणि संस्थास्तरावरील प्रवेशाला ती लागू नाही. म्हणजे शुक्रवारी ५० हजार भरून तुम्ही जी जागा निश्चित कराल, तीच तुम्हाला सवलतीबाहेर नेईल. मध्यस्थाने हे सांगितले नाही याचा मला मनापासून राग येतो. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर बी.एचएमसीटीची म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या राज्याच्या पदवीची नोंदणी अजून चालू आहे का, हे आजच पाहावे. महाविद्यालय अभ्यासक्रमासह या योजनेत येते का, याचीही खात्री महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करून घ्यावी.

दादर_कॅटरिंग :
ही माहिती मला नव्हती. तसे असेल तर या मुलीसाठी राज्याची पदवी केंद्रीय संस्थेपेक्षाही स्वस्त पडू शकते आणि माझा आधीचा सल्ला तिला लागू होत नाही. महाविद्यालय निवडताना औद्योगिक प्रशिक्षणासाठी मुलांना कोणत्या हॉटेलांत पाठवतात, याची मागील वर्षांची यादी मागून घ्यावी. पहिली नोकरी पुष्कळदा तिथूनच मिळते.

कोयनाकाठ :
नोंदणी चालू आहे. आताच पाहिले, अजून पाच दिवस आहेत. महाविद्यालयाला मी आधीच १० हजार रुपये आणि मूळ गुणपत्रिका दिली आहे, दोन्ही परत मिळतील का? शिवाय नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत मार्चमध्ये संपली आहे.

आकडेमोड :
मूळ कागदपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्क किती परत द्यायचे, याचेही टप्पे ठरलेले आहेत. या दोन्ही गोष्टी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत आहेत. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी रद्द केल्यास थोडी प्रक्रिया रक्कम कापून पूर्ण परतावा मिळतो. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नॉन-क्रीमीलेअरसाठी उद्याच सेतू केंद्रात अर्ज करावा. त्या अर्जाच्या पावतीवर नोंदणी करून मूळ प्रमाणपत्र नंतर देण्याची सोय यंदा आहे का आणि त्याची मुदत कोणती, हे माहितीपुस्तिकेत पाहून जवळच्या सुविधा केंद्रात विचारून घ्यावे.

निवृत्त_शाखाधिकारी :
शुल्क माफ झाले तरी वसतिगृह, मेस, गणवेश आणि चाकूंचा संच यांचा खर्च राहतोच. त्यासाठी चार लाखांच्या आत कर्ज घ्यावे, तेवढ्या रकमेला स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. शिकत असताना दर महिन्याचे व्याज भरणे जमले तर भरत राहावे. वहिनींना सांगा, घराची कागदपत्रे कपाटातच राहू द्यावीत.