आल्प्स बघायचे तर घाट गाडीनेच चढा! (म्युनिक ते म्युनिक, पाच देश)

घाटमाथ्यावरचा (धागाकर्ता)

आपल्याकडे युरोप सहल म्हटलं की ठरलेलं असतं: टिटलिस, युंगफ्राउ, एक बोटीची फेरी, चॉकलेटं. मधली आल्प्सची भिंत बसमध्ये डुलक्या काढत बोगद्यातून पार. स्वित्झर्लंडमधला गॉटहार्डचा रस्त्याचा बोगदा जवळपास १७ किलोमीटरचा आहे. त्यातले दिवे बघायला व्हिसा काढायचा का? त्याच्या डोक्यावरून २,१०६ मीटरवरचा जुना घाट जातो, उन्हाळ्यात उघडा असतो, फुकट असतो, आणि आपल्या सहलींतलं कुणी तिकडे फिरकत नाही.

जुलैत आम्ही चौघं (मी, बायको, आई-बाबा) निघतोय. म्युनिकला गाडी घ्यायची, म्युनिकलाच परत द्यायची, म्हणजे दुसऱ्या देशात गाडी सोडण्याचा भुर्दंड नाही. आधी ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर. मग स्लोव्हेनियातला व्हर्शिच, पन्नास वळणांचा, पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेला. तिथून सोचा नदीच्या खोऱ्याने इटलीत, डोलोमाइट्सचे डोंगर, त्यातला पोर्दोई घाट, बोल्झानो शहर, आणि मग स्टेल्व्हिओ: २,७५७ मीटर, प्रादच्या बाजूने ४८ वळणं, १८२५ साली वाहतुकीला खुला झालेला. उतरताना उंब्राइल घाटावरून स्वित्झर्लंड, शेवटी फुर्का घाट, आणि बोडन्झे सरोवराच्या काठाने परत.

मुद्दा असा की दिवसाला एकच मोठा घाट. देश मोजायचे नाहीत, घाट मोजायचे. बोला.

रेल्वेवेडी

असहमत, आणि जोरात असहमत.

गाडी चालवणाऱ्याला काय दिसतं हो? पुढचं वळण, मागे चिकटलेली मोटरसायकल, आणि घामाघूम होऊन चढणारे सायकलवाले. बाकीचे तिघे "अगं तो बघ धबधबा" म्हणणार आणि तुम्ही स्टिअरिंग धरून "हो का" म्हणणार.

बेर्निनाची रेल्वे घ्या. सेंट मॉरिट्सहून निघते, २,२५३ मीटरवर ओस्पित्सिओ बेर्निना स्टेशनला पोचते आणि इटलीतल्या तिरानोला ४२९ मीटरवर उतरते. दातेरी रूळ नाहीत बरं का! आपल्या बोरघाटात १:३७ च्या चढाला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात, इथे चढ साधारण १:१४ आहे आणि साध्या रुळांवर गाडी जाते. वाटेत ब्रुसिओला तर उतरण्यासाठी पूर्ण गोल फिरते, खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आणि काचेच्या छताच्या महागड्या एक्स्प्रेसच्या नादी लागू नका. त्याच रुळांवरून साधी लोकल जाते, तिला आरक्षण लागत नाही, काही डब्यांच्या खिडक्याही उघडतात. फोटोत काचेची चमक येत नाही.

आई-बाबांना ४८ वळणांत फिरवणार? आल्याच्या वड्या किलोने न्या.

घाटमाथ्यावरचा

@रेल्वेवेडी, बाबा कोकणातले आहेत, अख्खं आयुष्य फोंडा आणि आंबोली घाटात एसटीने गेलंय. आल्याच्या वड्या माझ्यासाठी लागतील.

आणि ग्रोसग्लॉकनरवर रेल्वे कुठे आहे? व्हर्शिचवर? रूळ आहेत तेवढेच आल्प्स बघायचे का?

इसारकाठ

मी म्युनिकला राहतो, म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

घाट राहू देत, आधी व्हिनेट, म्हणजे मोटरवे वापरायचा मुदतीचा टोल-परवाना, बघा. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, स्वित्झर्लंड, तिघांची वेगवेगळी. ऑस्ट्रियात थोड्या दिवसांची मिळते. स्वित्झर्लंडमध्ये फक्त वर्षाची, ४० फ्रँक, मग तुम्ही चार दिवस राहा की चार महिने. ती फक्त मोटरवेसाठी लागते, घाटरस्त्यांना नाही. पण परतीच्या घाईत तुम्ही मोटरवेवर चढणारच, तेव्हा घेऊन टाका. ग्रोसग्लॉकनरचा टोल याहून वेगळा, चाळीस युरोंच्या वर, आणि रात्री फाटक बंद.

इटलीत शहराच्या जुन्या भागात लाल कडेची गोल पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो, दंड भाड्याच्या गाडीवाल्यांमार्फत काही महिन्यांनी घरी येतो, वर त्यांची हाताळणी फी. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून घ्या. गाडी कुठल्या कुठल्या देशात नेणार हे भाडेकरारात लिहूनच घ्या. काच, टायर आणि गाडीचा पोटभाग बऱ्याचदा विम्याबाहेर असतो, आणि घाटात नेमकं तेच खरचटतं.

शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतात त्या युरोपीय देशांत) सीमा नसते हेही अर्धंच खरं. ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना २०१५ पासून तपासणी चालू आहे, रविवारी संध्याकाळी रांग लागते. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत ठेवू नका.

एवढं करूनही जायचं असेल तर जा, मी दर उन्हाळ्यात जातो. फक्त पाच देश करू नका.

खमंग_खाकरा

थोडं अवांतर: घरून खाऊ नेणार असाल तर भाकरवडी, चिवडा खुशाल न्या. पेढे आणि खव्याचं काही नको. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. बाकी चालू द्या.

दुसरा_गिअर

रेल्वेवेडी ताईंचा चालकाबद्दलचा मुद्दा मला पटत नाही. घाट चालवणं हाच काहींचा आनंद असतो, त्यांना धबधबा नंतर थांबून बघता येतो.

पण धागाकर्त्यांनी एक गोष्ट लिहिलीच नाही: उतरणार कसे? स्टिअरिंग डावीकडे, गाडी बहुधा ऑटोमॅटिक, आपल्या मोटरवे-छाप सवयीने ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर दहाव्या वळणाला चाकांतून जळका वास येतो. मॅन्युअल मोडवर घ्या, दुसऱ्यात टाका, इंजिनाला धरू द्या. वरंधा उतरलेल्या माणसाला हे शिकवायला नको.

चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम तिथेही आहे. भर म्हणजे पिवळी पोस्टबस, स्विस टपालखात्याची प्रवासी बस. स्विस घाटात निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की तो पोस्टबसचा रस्ता. तिथे बसचालक "मागे घ्या" म्हणाला की घ्यायची, वाद नाही. आंधळ्या वळणाआधी तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू येतो. खिडकी थोडी उघडी ठेवा आणि गाणी बंद.

रेल्वेवेडी

बघा! म्हणजे गाणी पण बंद! आणि त्याच पोस्टबसमध्ये तिकीट काढून बसलं की फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन सगळं दिसतं, मागे घ्यायची जबाबदारी चालकाची.

घाटमाथ्यावरचा

पोस्टबस फुर्क्यावर ऱ्होन हिमनदीपाशी माझ्या मर्जीने थांबेल का? ती हिमनदी दरवर्षी मागे सरकतेय. तिथल्या बर्फाच्या गुहेवर उन्हाळ्यात पांढरी कापडं अंथरत आलेत, वितळू नये म्हणून. तिथे आई-बाबांना तासभर बसायचं असेल तर मला वेळापत्रक बघायचं नाही.

मात्र @इसारकाठ यांच्या पाच देशांच्या मुद्द्यावर घरातही बहुमत त्यांच्याच बाजूने गेलं. स्लोव्हेनिया कापला. ग्रोसग्लॉकनरवरून ऑस्ट्रियातलंच लिएन्झ गाव आणि तिथून थेट डोलोमाइट्स.

इसारकाठ

छान. मग व्हिसाचंही बदला. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्याच्याकडे अर्ज, समसमान असेल तर जिथे आधी प्रवेश. तुमच्या नव्या आखणीत इटलीतल्या रात्री जास्त दिसताहेत. म्युनिकला उतरताय म्हणून जर्मनीकडे अर्ज टाकलात तर खिडकीवरच प्रश्न येईल.

आणि तारखा नक्की करण्याआधी सायकलींचे दिवस बघा. डोलोमाइट्समधले सेल्ला डोंगराभोवतीचे घाट आणि स्टेल्व्हिओ, दोन्ही वर्षातल्या ठरावीक दिवशी काही तास मोटारींना बंद असतात.

रेल्वेवेडी

त्या दिवशी तिरानोला या. स्टेल्व्हिओ उतरलं की बोर्मिओ, तिथून खाली तिरानोच. आई-बाबांना मी सांगते कुठल्या बाजूच्या खिडकीशी बसायचं.