झालिप्येला आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

मी पोलंडमध्ये क्राकुफला असते, आई पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलीये. तिला कुणीतरी झालिप्येचे फोटो दाखवले, ते तार्नुफजवळचं गाव, घरं, विहीर, कुत्र्याचं खुराडं सगळं फुलांनी रंगवलेलं, तेव्हापासून एकच धोशा. पूर्वी तिथे धुराड्याशिवायच्या चुलींमुळे भिंती काळ्या पडायच्या म्हणून बायका त्यावर चुन्याचे ठिपके द्यायच्या, पुढे त्याचीच फुलं झाली, हे सांगितल्यावर तर आई म्हणाली अगं मग हे आपलंच की, आजी नाही का पोतेरं झाल्यावर चुलीला चुन्याची बोटं ओढायची!

तर, तार्नुफपर्यंत ट्रेन आहे पण पुढे रविवारी बस मिळते का की सरळ गाडीच भाड्याने घ्यावी? आईचे गुडघे दुखतात, घरं लांब लांब आहेत म्हणे. फेलित्सिया त्सुरिवोवा बाईंचं घर (तिथल्या प्रसिद्ध चित्रकार, १९७४ ला गेल्या, आता म्युझियम आहे) सोडून बाकीच्या अंगणात असंच शिरलेलं चालतं का, लोक राहतात ना तिथे, मला फार ऑकवर्ड होतं. १९४८ पासून रंगवलेल्या घरांची स्पर्धा असते ती बघायला कुणी गेलंय का, गर्दी झेपेल का आईला?

आणि हो, जुने ब्रश गाईच्या शेपटीच्या केसांचे असायचे असं वाचलंय, आईला तसा एक बघायचाच आहे. कुठे ठेवलेला दिसतो का? प्लीज सांगा, ती रोज विचारतेय.