आपल्याच गावात पाहुण्यासारखं भटकलात का कधी? अनुभव लिहा

परवा पुण्यात पीएमटीत बसले होते. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी तिकिटाची बारीक पुंगळी केली आणि घड्याळाच्या पट्ट्यात खोचली. माझे बाबा अगदी असंच करायचे. डोळे भरून आले, एक स्टॉप पुढे जाऊन उतरले.

लहानपणी औरंगाबादला (तेव्हा तेच म्हणायचो, आता संभाजीनगर) महिन्यातून एखाद्या रविवारी बाबा मला लाल सिटी बसने सिडकोहून औरंगपुऱ्याला न्यायचे. तिथून पायी मिलकॉर्नर, भडकल दरवाजा, मग पाणचक्की. काम काहीच नसायचं. दरवाजाखाली थांबवून सांगायचे, "हा मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधला. शहरही त्यानेच वसवलं, १६१० ला. तेव्हा नाव होतं खडकी." मला मात्र पाणचक्कीच्या हौदातले मासे बघायची घाई.

गेल्या दिवाळीत माहेरी एक अख्खा दिवस रिकामा मिळाला. भाऊ म्हणाला गाडी घेऊन जा. नको म्हटलं. अकरा वर्षांच्या लेकाला घेतलं, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली आणि थांब्यावर जाऊन उभी राहिले. बस यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात शेजारच्या मावशींनी माझं माहेर, सासर, नवऱ्याची नोकरी सगळं विचारून घेतलं.

आधी गुलमंडीवर पायी फिरलो, मग विद्यापीठाकडे. तिथे जवळच सोनेरी महाल आहे. माहेरची बावीस वर्षं या शहरात काढली, पाहुण्यांना घेऊन वेरूळला कितीदा गेले असेन, पण सोनेरी महाल पाहिला नव्हता! बुंदेलखंडच्या सरदाराने बांधलेला, आता सरकारी संग्रहालय. भिंतींवर एकेकाळी सोन्याच्या रंगाचं काम होतं, त्यावरूनच नाव पडलं. मला आधी काहीच दिसेना. तिथल्या काकांनी हाताला धरून लेकाला खिडकीच्या बाजूला उभं केलं. "समोरून नको बघू बेटा, इथून बघ, तिरपं." तो ओरडलाच, "आई, चमकतंय!" नखाएवढी पानं, एक वेल, मध्ये पोपडा गेलेला, परत वेल. मीही तिथे जाऊन मान वाकडी करून किती वेळ उभी होते.

संध्याकाळी पाणचक्की. पाणी पडायचा आवाज कानावर आला आणि पुढे काही बोलताच येईना. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. लेकाने विचारलं, पाणी येतं कुठून? मी बाबांचंच उत्तर दिलं : लांबच्या डोंगरातल्या झऱ्यापासून जमिनीखालून मातीचे नळ टाकलेत, पाणी आपल्या वजनानेच इथवर येतं, भिंतीतून वर चढतं आणि उंचावरून पडून खालचं जातं फिरवतं. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी त्यावर पीठ दळलं जायचं. पंप नाही, बैल नाही.

तुम्हीही लिहा. मराठवाड्यातलं कुठलंही गाव चालेल.

मोसंबीबाग
वाचून रडवलंस गं. जालन्याहून आम्ही दर उन्हाळ्यात मामाकडे यायचो, सिटी चौकात. मामा एकच गोष्ट दाखवायचा, बीबी का मकबरा. आणि दरवेळी सांगायचा, याला खर्च आला ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ते सात आणे आमच्या डोक्यात पक्के बसले. आजही भावाबहिणीत कुणी हिशोबाला घट्ट निघालं की "आन् सात आणे?" असं विचारतो.

हौदकाठी
आम्ही बेगमपुऱ्यातले. आमच्या वाड्यात नहरीचं (जमिनीखालच्या जुन्या कालव्याचं) पाणी यायचं, आजीने स्वतः भरलेलं. थत्ते हौदावर पोरं दिवसभर डुंबायची. ताई, तू पाणचक्कीत त्या हौदाखालच्या दालनात उतरलीस का? हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत. मे महिन्यात बाहेर ४२ आणि आत गारेगार. वर पाणी, खाली माणसं झोपलेली. वडील म्हणायचे हा कूलर वीजबिल मागत नाही.

मूळ लेखिका
नाही उतरले!! बाबांनी कधी सांगितलंच नाही. आता परत जाणं आलं.

गोलाईवाला
पाण्याचं निघालं म्हणून. मी लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. टँकरच्या रांगेत रात्री दोनला आईसोबत घागर घेऊन उभा राहायचो, बारावीचं वर्ष होतं. नंतर कॉलेजला संभाजीनगरात आलो आणि नहर-ए-अंबरीबद्दल कळलं. चारशे वर्षांपूर्वी ह्या मलिक अंबरने दुष्काळी मुलखात डोंगरातलं पाणी शोधून जमिनीखालून अख्ख्या शहराला पुरवलं. मी त्या दिवशी पाणचक्कीच्या काठावर दोन तास बसून होतो, मित्र म्हणायलेत चल बे, मला उठवेना.

गावात भटकण्याबद्दल : गंजगोलाई. मध्ये जगदंबेचं देऊळ आणि सोळा रस्ते. लहानपणी हरवलो होतो. कुठल्या रस्त्याने आत आलो तेच कळेना. एका भांडेवाल्या काकांनी दुकानात बसवून पेढा दिला अन् वडील येईपर्यंत हातात चमचे मोजायला दिले.

मोसंबीबाग
चमचे मोजायला 😂 किती होते?

गोलाईवाला
नव्वदपर्यंत आलो होतो, तेवढ्यात वडील आले.

तेरणाकाठ
संग्रहालय म्हणालात म्हणून लिहितो, तेरला या. धाराशिव जिल्हा. रामलिंगप्पा लामतुरे म्हणून आमच्या गावातले दुकानदार, त्यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं आज सरकारी संग्रहालय आहे. आमच्याकडे पाऊस पडून गेला की पांढरीत (जुन्या वस्तीच्या मातीत) मणी वर येतात. आम्ही पोरं चिखलात वाकून शोधत हिंडायचो. निळा सापडला तर खिशात, लाल सापडला तर बहिणीला.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात लिहिलंय, भडोचहून पैठण दक्षिणेला वीस दिवस, आणि पैठणहून तगर पूर्वेला दहा दिवस. तगर म्हणजे आमचं तेर. इथला माल गाड्यांवर लादून बिनवाटेच्या मुलखातून भडोचला जायचा आणि तिथून जहाजाने पार रोमपर्यंत. संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी बाई आहे, तिच्यासारखीच एक इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. माझी आजी चौथी शिकलेली. पण पाहुणा आला की त्याला त्या कपाटापुढे उभं करायची अन् म्हणायची, "हिची बहीण इटलीत दिली."

आणि संत गोरोबा काकाही आमचेच. आमचं गाव सगळं मातीचंच म्हणा.

मूळ लेखिका
हिची बहीण इटलीत दिली!! आजींना माझा नमस्कार सांगा.

तेरणाकाठ
आजी २०१९ ला गेली ताई. पण सांगतो, रोज दिवा लावतो तेव्हा.

चुलीवरची
कुकर लावलाय तेवढ्यात लिहिते. पैठणची सून मी. सगळे नाथांच्या वाड्यावर जातात, दर्शन, संतपीठ, उद्यान, संपलं. बाळासाहेब पाटील संग्रहालयात कुणीच जात नाही, त्यात सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. एका मूर्तीचा अंबाडा बघून मी घरी येऊन तसाच घालायचा प्रयत्न शिट्टी झाली नंतर लिहिते

सायकलस्वार
गुलमंडीवर इमरती खाल्ली का नाही? ते लिहिलंच नाही तुम्ही.

मूळ लेखिका
खाल्ली की. दोन. लेकाने तीन. दशम्या तशाच परत आल्या, आईने संध्याकाळी बोलणी खाऊ घातली.

रोशनगेट
आप्पा, नानखलिया (मटणाचा रस्सा आणि नान) राहिलाच मग! अम्मी म्हणते गावात फिरून नानखलिया न खाता घरी गेला तो आलाच नव्हता. पहाटे तंदूरवरून नान आणायला मला पाठवायची, हळद लावलेली पिवळीधमक, कपड्यात बांधून छातीशी धरून आणायचो थंडीत. तेच माझं स्वेटर. पुढच्या वेळी आईला सांगा दशम्या नकोत, सरळ आमच्याकडे या.

मूळ लेखिका
आप्पा नाही हो, ताई आहे मी 🙂 पण आमंत्रण पक्कं धरते. आम्ही शाकाहारी, नान आणि चहा चालेल.

रोशनगेट
माफ करा ताई. घाईत वाचलं, दुकानात आहे. अम्मी खास वेगळ्या भांड्यात दाल करेल, काळजी नको.

घंटीवाला
माझे वडील एसटीत कंडक्टर, काही वर्षं सिटी बसवर होते, शहागंज लाइनला. तुमच्या बाबांना त्यांनी तिकीट दिलं असेल कदाचित. त्या काळी पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे असायचे आणि हातात चिमटा. गर्दीत वडील दिसायचे नाहीत, पण पेटीवर चिमट्याची टकटक ऐकू आली की आम्हाला कळायचं आले. रात्री घरी आले की पँटच्या दुमडीतून तिकिटांचे पंच केलेले बारीक गोल गोल कण पडायचे. आई झाडताना कुरकुर करायची. मी ते वेचून काडेपेटीत साठवायचो, दिवाळीला किल्ल्यावर फुलं म्हणून टाकायला.

निवृत्त झाले तेव्हा चिमटा जमा करावा लागला. त्या रात्री जेवले नाहीत.

हौदकाठी
दादा 🙏

मोसंबीबाग
काडेपेटी आहे का अजून?

घंटीवाला
नाही हो. घर बदललं त्यात गेली.

एन_सात
मी सध्या रोज स्मार्ट बसने जातो, २०१९ पासून. बाबा पेट्रोल पंप ते सिडको. खिडकीची सीट मिळाली की क्रांती चौकात शिवाजी महाराजांना नमस्कार करायचा, मग मोबाईल काढायचा, हा माझा नेम. हे सगळं वाचून रविवारी सोनेरी महालला जाऊन आलो. बायको आधी नको म्हणायली, मग तीच निघेना. आम्हाला काका नाही भेटले पण तिरपं बघायचं लक्षात होतं. दिसली वेल.

चुलीवरची
आले परत. तर तो अंबाडा. जमला नाही, पण सासूबाई हसत हसत म्हणाल्या की त्यांच्या आजेसासूबाई असाच बांधायच्या, डाव्या कानाच्या वर. मग त्यांनीच माझे केस विंचरून बांधून दिला. लग्नाला चार वर्षं झाली होती, पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोक्याला हात लावला. फोटो आहे पण इथे टाकत नाही, पदर नीट नाहीये.

गोलाईवाला
@तेरणाकाठ, लातूरहून यायचं तर रेल्वेने जमतं का? पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी तेरवरून जायची असं आजोबा सांगायचे, चढणीला पोरं उतरून सोबत पळायची म्हणे.

तेरणाकाठ
माझे वडील पळालेत तिच्यासोबत, चिंचा तोडून परत चढायचे. आता रूळ मोठे झाले. धाराशिवपर्यंत या, तिथून एसटी मिळते, तासाच्या आत गाव. येणार असाल तर पावसाळ्यानंतर या, पांढर ओली असते.

मूळ लेखिका
मीही येते. लेक आत्ताच विचारायलाय निळा मणी सापडला तर ठेवून घेता येतो का.

तेरणाकाठ
आता आम्ही नेऊन संग्रहालयातच देतो. पण सापडला की तळहातावर ठेवून धुवायला त्यालाच देईन, म्हणावं.