स्क्रीनिंगला मराठीत काय म्हणायचं? चाळणी?

शाहूपुरीकर:
मंडळी एक शब्द अडलाय. मोठ्या माणसांतला ऑटिझम ओळखायला ती प्रश्नावली असते ना, एक्यू-१० म्हणतात, ती मराठीत करायचं काम एका डॉक्टर मैत्रिणीनं गळ्यात मारलंय. मूळची केंब्रिजची, २००१ ला ५० प्रश्नांची आली आणि २०१२ ला तिचीच ही दहा प्रश्नांची आवृत्ती. सहा किंवा जास्त मार्क पडले तर सविस्तर तपासणीला पाठवा, एवढाच तिचा अर्थ. मी हेडिंग दिलं 'स्वमग्नता निदान चाचणी', तर म्हणाली खोड ते, हे निदान नव्हेच. मग काय लिहू, चाळणी चाचणी? पिठाच्या गिरणीत आल्यासारखं वाटतंय.

गडहिंग्लजची:
वाटू दे की. आमची आज्जी गहू आधी चाळायची, मग परातीत पसरून सोप्यात बसून एकेक खडा निवडायची. चाळणं म्हणजे स्क्रीनिंग आणि निवडणं म्हणजे डायग्नोसिस, शब्द घरातच हाईत. नुसतं चाळून कुणी दळायला टाकत नाही.

जुना राजवाडा:
'निदान'चा मूळ अर्थच कारण, रोगाचं मूळ. आयुर्वेदात अजून त्याच अर्थानं चालतो. आणि बोलताना आपण म्हणतो 'निदान फोन तरी कर'. दहा टिकमार्कांतून पहिलं निदान होत नाही, दुसरं होतं, निदान डॉक्टरकडे तरी जा म्हणून.

कोरा चहा:
उपमा झकास ताई पण मी त्या परातीतलाच, पस्तिशीत कळलं. आम्ही खडे काय मग? :)

गडहिंग्लजची:
अगं आई गं, चुकलंच भावा. तसं नव्हतं म्हणायचं.

कोरा चहा:
राग नाही ओ, उलट अजून ताणू. गव्हाएवढा खडा चाळणीत गव्हाबरोबरच राहतो, खाली पडतच नाही, माझं तेच झालं. ऑफिसात चहाच्या वेळी काय बोलायचं ते मी आदल्या रात्री ठरवून जायचो, कोण काय म्हटलं की कुठं हसायचं ते सुद्धा. पहिल्यांदा प्रश्नावली भरली तेव्हा पण इथं चारचौघं काय लिहितील असा विचार करूनच भरली, मार्क आले चार. याला मास्किंग म्हणतात, ते मोजायला कॅट-क्यू म्हणून वेगळी २५ प्रश्नांची आहे. तेवढं मराठीत 'सोंग' करू नका हां, सोंगात फसवणूक येते. 'निभावून नेणं' जवळचं वाटतं मला, दमल्यासारखं पण होतं त्या शब्दात.

शाहूपुरीकर:
'निभावून नेणं' लिहून ठेवला. आता प्रश्नांचं सांगा. समोरच्याच्या बोलण्यातला न बोललेला अर्थ सहज कळतो, असा एक आहे. 'बोलण्यातली गोम कळते' चालेल?

कोरा चहा:
गोम म्हटलं की काहीतरी लबाडी आहे असं वाटतं. 'न सांगता कळतं' म्हणा सरळ. मी एकदा पुण्यात कुणाकडे तरी, दारात 'जेवून जा की' म्हटलं म्हणून परत चप्पल काढून आत गेलो होतो, भात लावावा लागला त्यांना.

गडहिंग्लजची:
कोल्हापुरात ते खरंच असतंय, इथं तू बरोबरच होतास.

जुना राजवाडा:
५० वाल्यात गाड्यांचे नंबर लक्षात येतात का असाही प्रश्न आहे. एमएच ०९ च्या गावात नंबर न बघणारा माणूस दाखवा, फॅन्सी नंबरापायी लोक गाडीएवढा जीव टाकतात. शब्द बरोबर उतरला तरी प्रश्न उतरला असं नाही.

शाहूपुरीकर:
खरंय, म्हणूनच मैत्रीण म्हणते भाषांतर झाल्यावर वेगळं तपासावं लागतं, तिकडचा सहाचा आकडा तसाच उचलून चालत नाही. असो, 'प्राथमिक चाळणी प्रश्नावली' फायनल करतो, खाली ठळक 'हे निदान नाही'. आणि उत्तराच्या पर्यायांतल्या 'अंशतः सहमत'चं काय करू?

गडहिंग्लजची:
'थोडं पटतं' आणि 'पूर्ण पटतं' कर. सहमत काय, सभा हाय का ती?

कोरा चहा:
आणि दोन्हीला मार्क एकच मिळतो बरं का. मी 'थोडं' का 'पूर्ण' यावर प्रत्येक प्रश्नाला दहा मिनिटं घालवली होती.